फटाक्यांच्या गोदामात दिवा नेऊ नये

फटाक्यांच्या गोदामावर मला राखणदार ठेवलं ते माझ्या भित्रेपणामुळे. मालकांनी एकच प्रश्न विचारला होता, "भितो का तू?" मी म्हटलं, "हो, खूप." ते म्हणाले, "मंग उद्यापासून ये." माझ्याआधीचा राखणदार शूर होता. सुतळी बॉम्बच्या खोक्यांना पाठ टेकून बिडी ओढायचा. त्याला काही झालं नाही, मालकांना मात्र रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

मी सावंतवाडीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. शहरातून फुलंब्रीकडे निघालं की वस्ती संपल्यावर आमचं गोदाम लागतं. रस्त्यापलीकडे मला राहायला खोली दिली. मालकांचं घर तिथून जवळच, शेतात. ही माणसं मूळची पिशोरची. मालकांच्या आईला सगळे आक्का म्हणतात. मला पहिल्याच वर्षी टायफॉइड झाला, तेव्हा आक्कांनी कुठूनसं ऐकलं की कोकणात आजारी माणसाला पेज देतात. त्यांनी ज्वारीच्या कण्या शिजवून पातळ केल्या आणि तांब्याभर आणून पुढ्यात ठेवल्या. "पी. तुमची पेज हाय." ती पेज नव्हती, पेज तांदळाची असते. पण तसं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गोदामाच्या आधी मालकांचं एक पत्र्याचं शेड होतं. त्यात देवापुढे समई असायची. एके दिवशी उंदराने समईतली पेटती वात पळवली आणि तो अनारांच्या खोक्यांमागे गेला. आत माणूस नव्हतं, म्हणून निभावलं. शेडचं छप्पर शेजारच्या तुरीत जाऊन पडलं. त्या शेजाऱ्याने त्याखाली शेळ्या बांधल्या, त्या अजून तिथंच आहेत. या स्फोटावर घरात बराच विचार झाला आणि शेवटी मांजर पाळायचं ठरलं.

मालक मात्र पुढे खरंच शिकले. नव्या गोदामात वीज नाही. खोकी फळ्यांवर, भिंतीपासून लांब; बॉम्ब एका टोकाला, फुलबाज्या दुसऱ्या. मधली वाट पळता येईल एवढी रुंद. ती मी आठवड्यातून एकदा पळून बघायचो. दाराशी वाळूच्या बादल्या, आग विझवायची दोन सिलिंडरं आणि एक वेताची टोपली. आत जाणाऱ्याने काडेपेटी, लायटर, फोन टोपलीत ठेवायचा. मी मालकांचेसुद्धा खिसे तपासायचो. ते हात वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "विमानात बसवतो का काय मला?"

आक्का रोज दुपारी माझा डबा आणि मांजराचं दूध घेऊन यायच्या. दूध त्या स्वतः आत नेऊन ठेवायच्या.

मग दसरा आला. सकाळी मालक, आक्का आणि गुरुजी असे तिघं आले. शेतकरी नांगर पुजतो, आम्ही माल पुजतो. झेंडूच्या माळा आधी सिलिंडरांना घातल्या. वाळूच्या बादल्यांना हळदकुंकू झालं. सिलिंडरांच्या दांड्यांना गुरुजींनी लाल दोरा इतका घट्ट गुंडाळला की आग लागली असती तर आधी कात्री शोधावी लागली असती. इथपर्यंत मी हात जोडून उभा होतो. मग आक्कांनी ताटातलं निरांजन पेटवलं, उदबत्त्या पेटवल्या आणि त्या दाराकडे निघाल्या.

मी दारात आडवा झालो. का झालो ते कळायच्या आत झालो. पुढे निरांजन होतं, मागे दिवाळीचा सगळा माल. आक्कांना अडवलं तर नोकरी गेली, खोली गेली, आणि ती पेजसुद्धा. नाही अडवलं तर आम्ही चौघं आणि मांजर तुरीत.

"सरक," आक्का म्हणाल्या.

"आक्का, दिवा टोपलीत ठेवा."

"देवाचा दिवा टोपलीत?"

मालकांकडे पाहिलं. नियम त्यांचेच. ते म्हणाले, "आरं, दोन मिन्टाचं काम हाय. मांजर हाय ना आत."

"साहेब, आज उंदीर नाही, आपणच वात घेऊन चाललोय."

गुरुजींनी सुचवलं की पदराआडून न्यावं. मी नाही म्हणालो. त्यांनी सुचवलं, मनातल्या मनात ओवाळावं. आक्का म्हणाल्या, "मंग दक्षिणा बी मनातल्या मनात घ्या." शेवटी मीच म्हटलं की माझ्या खोलीसमोरून ओवाळू, रस्त्यापलीकडून.

तशी पूजा झाली. गुरुजी ट्रकच्या आवाजावर मंत्र ओरडत होते. प्रत्येक ट्रक निरांजन विझवून जायचा, आणि मालक पुन्हा पेटवायचे. देवदर्शनाला निघालेली एक जीप थांबली. आतल्या बायकांनी गोदामाकडे बघून हात जोडले आणि विचारलं, "कोणत्या देवीचं ठाणं हाय हे?" गुरुजींनी त्यांना खडीसाखर दिली.

"एवढ्या लांबून देवीला दिसंल का रे, कोकण्या?" आक्कांनी विचारलं.

"देवीला दिसेल, आक्का. मालाला दिसायला नको."

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डबा मालकांबरोबर यायला लागला. चार दिवस मी पिशवी भरून ठेवली होती. कुणी जा म्हटलं की निघायचं.

पाचव्या दुपारी आक्का आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात दूध. दोन्ही खाली ठेवून त्यांनी लुगड्याच्या कनवटीतून काडेपेटी काढली आणि टोपलीत टाकली.

"चुलीची हाय. रोज संगंच असती माझ्या."

"रोज?" मी विचारलं. "आत जाताना पण?"

"व्हय. तू समद्यांना तपासलं, मला कधी तपासलं नाय. त्या दिवशी मनाशी म्हणलं, दिव्याला आडवा झालास, काडेपेटीला कसा नाय झालास? चार दिस त्याच्याच इचारात व्हते."

मी वाळूच्या बादलीवर बसलो. रोज दुपारी आक्का काडेपेटीसकट मांजराच्या वाटीशी वाकत होत्या, बॉम्बच्या खोक्यांपासून हातभर अंतरावर. मालकांचे खिसे मी उलटे करत होतो आणि आक्कांना वाट करून देत होतो, कारण त्यांनी मला ज्वारीची पेज पाजली होती.

"आता बसला कशापायी?" त्या म्हणाल्या. "दूध तापलंय उन्हानं. आन् उद्यापासून मला बी तपासायचं. सुनंला सांगितलं म्या, तू भितो ते बरंय म्हणून."

मी उठून काडेपेटीसकट टोपली रस्त्यापलीकडे खोलीत ठेवून आलो. आक्का दारात हात वर करून उभ्या होत्या.