टर्बो गेलाय, असं मीच ठरवलं होतं

मूर्खपणा करायलासुद्धा अभ्यास लागतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. बसा, चहा घ्या. हा किस्सा मी बाहेर फारसा सांगत नाही, कारण यात शेवटी मीच उघडा पडतो, आणि तेही घाटात, सासरच्या माणसांसमोर.

आमची गाडी जुनी डिझेल. चौदा वर्षं झाली. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत तिच्यानंतर आलेल्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या, ही मात्र उभी. तिचा सगळा जोर टर्बोत. टर्बो म्हणजे काय, हे मी कुणी विचारो न विचारो सांगतो, तेव्हा तुम्हीही ऐका. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. पोट भरलेल्या माणसाच्या पानात अजून दोन जिलब्या वाढाव्यात, तसं. पुण्यात इतका आग्रह करणारं हे एकच यंत्र असेल.

जुन्या टर्बोचं एक असतं. पाय दाबला की गाडी आधी विचार करते. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं. ती ऐकून घेते, चष्मा पुसते, आणि मग अशी सुटते की मागे बसलेल्यांच्या माना सीटला आपटतात. मला ते आवडतं. आपलं म्हणणं कुणीतरी विचारात घेतंय असं वाटतं, जे घरी होत नाही.

माझे साडू प्रभाकरराव खराडीला राहतात. त्यांनी गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. हजार सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, आणि त्यालाही टर्बो. आमच्या काळी एवढ्या इंजिनावर कुणी पिठाची गिरणी चालवली नसती.

"दाबलं की पळते, अविनाशराव. विचारबिचार करत नाही."

"मालकावर गेली असेल," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ते माझी गाडी विकायच्या मागे लागले. आणि नेमकी त्याच थंडीत आमची गाडी ढेपाळली. जागेवर ठीक, सपाटीवर बरी, चढ दिसला की मात्र दम लागायचा. मागून काळा धूर, पुढून कसलीशी केविलवाणी शिट्टी. चांदणी चौकाच्या चढावर एक रिक्षा मला मागे टाकून गेली. तिच्यात सहा पोरं आणि एक शिलाई मशीन होतं. मागून आलेला स्कूटरवाला काचेशी वाकून म्हणाला, "काका, डासांसाठी फवारणी करताय का? आमच्या गल्लीतही या."

त्या दिवसांत माझ्यामागे कटकटी काय कमी होत्या? पार्किंगमध्ये उंदीर झाले होते आणि ते गाड्यांच्या वायरी कुरतडत होते. कुणी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कुणी तंबाखूची पुरचुंडी. मीही एक उपाय केला होता, पण तो एका रात्रीपुरता, त्याचा इथे संबंध नाही. दुसरी कटकट म्हणजे माझी मरून रंगाची माकडटोपी घरातून गायब झाली होती. आणि स्वयंपाकघरात एक नवं स्टीलचं पातेलं आलं होतं. आता दोन आणि दोन चार होतात की नाही?

"तू माझी टोपी बोहारणीला देऊन हे पातेलं घेतलंस," मी म्हणालो.

"तुमच्या त्या टोपीवर बोहारीण चमचासुद्धा देणार नाही," बायको म्हणाली. पण मी ऐकलं नाही. दोन महिने त्या पातेल्यातली आमटी मी तोंड वाकडं करून खाल्ली.

शेवटी बायकोनं निकाल दिला. येत्या रविवारी प्रभाकररावांच्या घाटापलीकडच्या नव्या घरात पूजा होती. गाडीनं कात्रजचा जुना घाट चढून दाखवला तर राहील, नाही तर विकायची. गिऱ्हाईक प्रभाकररावांनी बघून ठेवलं होतंच.

मी गाडी घेऊन नाना पेठेत हमीदभाईंकडे गेलो. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांची स्कूटर सांभाळली, हमीदभाईंनी चौदा वर्षं ही गाडी. त्यांनी बॉनेट उघडलं, मला रेस द्यायला लावली, कान दिला.

"साहेब, आधी हवा कुठून येते ते बघू. फिल्टरचा डबा उघडतो."

"डबा उघडायचा नाही. फिल्टर मी दिवाळीत स्वतः बदललाय. टर्बो गेलाय. चार दिवस व्हिडिओ बघतोय मी."

"चार दिवस," हमीदभाई म्हणाले. "माझी बत्तीस वर्षं गेली. आमच्या वेळी व्हिडिओ नव्हते ना."

"अहो, पण शिट्टी ऐका की."

"ऐकली. टर्बो हवा मागतोय."

"मागतोय कसा? हवा देणं हे त्याचं काम आहे."

"त्याला मिळाली तर तो देईल ना साहेब."

तुम्हीच सांगा, इथे माझ्या जागी कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता की नाही? मी म्हणालो, "तुम्हाला टर्बोतलं कळत नाही, असं सरळ सांगा."

हमीदभाईंनी फडक्याला हात पुसले आणि बॉनेट अगदी हळू लावलं. "गाडी तुमची, व्हिडिओही तुमचेच. बघा."

घरी येऊन मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'हमीदभाईंना टर्बो कळत नाही. सभासदांनी नोंद घ्यावी.' आमच्या सोसायटीतल्या अकरा गाड्या त्यांच्याकडे जातात.

रविवारी घाट लागला. पहिलं वळण गाडीनं माझ्या इज्जतीखातर घेतलं. दुसऱ्याला ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगावर आली. अतिशयोक्ती वाटेल, पण बायको उतरली, कडेच्या बाईकडून पेरू घेतले, मीठ लावून घेतलं, आणि चालत येऊन परत गाडीत बसली. तिसऱ्या वळणावर गाडी थांबलीच. मागून प्रभाकरराव आले. पांढराशुभ्र रेशमी कुर्ता, हातात फोन.

"लावू का गिऱ्हाईकाला?"

मी दूर जाऊन हमीदभाईंना फोन केला.

"कुठे आहात?"

"घाटात."

"वर की खाली?"

"मध्ये."

ते म्हणाले, "येतो."

पाऊण तासात स्कूटरवर आले. मला नमस्कार केला आणि शांतपणे विचारलं, "आता डबा उघडू? की आधी ग्रुपवर विचारायचं?"

म्हणजे अकरा गाड्यांपैकी कुणीतरी नोंद घेतली होती.

डब्याला दोन क्लिपा. हमीदभाईंनी झाकण उचललं, हवा आत येते त्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढायला लागले. आधी गोंडा आला. मग मरून लोकर. मग पूर्ण माकडटोपी, काळी, धुळीनं जड झालेली.

आणि मला सगळं आठवलं. डिसेंबरातली ती रात्र. हवेच्या नळीतून उंदीर आत शिरतात असं ग्रुपवर वाचून मी खाली गेलो होतो, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून डोक्यावरची टोपी नळीच्या तोंडाला लावली होती. सकाळी काढू म्हणून. इंजिनानं ती ओढत ओढत थेट डब्यापर्यंत नेली.

"साहेब, टर्बोला काही झालेलं नाही," हमीदभाई म्हणाले. "थंडी तेवढी वाजत नव्हती त्याला."

बायकोनं टोपी दोन बोटांत धरली. "हिच्यावर मला पातेलं मिळालं होतं ना?"

पेरूवाली बाईही गंमत बघायला वर आली होती, मी तिच्याकडे बघत राहिलो. ती हसत होती.

हमीदभाईंनी मला चावी फिरवायला सांगितली. मी पाय दाबला. गाडीनं विचार केला, आणि मग दोन महिन्यांची साचलेली काजळी एका दमात बाहेर टाकली. मागे कोण उभं होतं, ते सांगायला नको. त्या कुर्त्याचा रंग पुढे पूजेतही ओळखता येत नव्हता.

"अहो, विकून टाका ही एकदाची," प्रभाकरराव ओरडले.

"विकू नका," हमीदभाई म्हणाले. "नाक बंद करून दोन महिने ओढलंय हिनं साहेबांना. दुसरी कोण ओढेल?"

"हिचे दोनच महिने झालेत, हमीदभाई," बायको म्हणाली. "माझी सव्वीस वर्षं."

गाडी राहिली. बायकोच्या अटी दोन. पहिली तिथल्या तिथे पुरी झाली. मी ग्रुपवर लिहिलं, 'हमीदभाईंना टर्बो कळतो. मला कळत नाही. सभासदांनी नोंद घ्यावी.' अकरा अंगठे आले.

दुसरी अट म्हणजे ती टोपी घालूनच पूजेला बसायचं. बायकोनं स्वतः घालून दिली, नाकावरून चांगली खाली ओढून. गाडी मात्र उरलेला घाट गाणं म्हणत चढली. पूजा झाली, पान वाढलं, शिरा आला, पुन्हा आला, सगळे आग्रहावर आग्रह करत होते. आणि मी टोपीतल्या त्या धुळीतून श्वास घेत बसलो होतो, घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि समोरचा जिना बघूनच दम लागत होता.