डावीकडे किती घरं सोडायची

काल वर्षश्राद्धाला तीस पानं उठली, आणि जिने यायचं ती पुण्यात बसून राहिली.

आता नमस्कार.

तिथीने काल, तारखेने आज, आमच्या यांना जाऊन वर्ष झालं.
मी चौथी शिकलेली. चुका सापडतील. काढत बसू नका.

हे मुंबईला एका गोदामाच्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. कोबोलमध्ये. कॉम्प्युटरची जुनी भाषा ती.
शिसपेन्सिलीने लिहायचे, बारीक घरं आखलेल्या कागदांवर.
कागद आज द्यायचे, मशीन उत्तर देणार उद्या. एक चूक म्हणजे एक दिवस फुकट.

म्हणून आदल्या संध्याकाळी मला वाचून दाखवायचे. मी कोळंबी सोलत असायची.
"माल आला तर खूण कर. नाही आला तर पुढचं नाव बघ."
मी म्हटलं, "आणि अर्धाच आला तर?"
हे खोडरबर शोधायला उठले.

नात सायली पण प्रोग्रामच लिहिते. लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये. दहादा चालवते, दहादा चुकते, वर हसते.
दीड वर्षामागे इथे आलेली तेव्हा यांनी तोंड उघडलं.
"आधी विचार करावा, मग हात लावावा. तुमची भाषा तुम्हाला आळशी करते."
"आणि तुमची वापरतं कोण आता, आजोबा?"
"तुझा बाप शिकला तिच्यावर."
पोरगी तशीच उठून एसटीला गेली. तिचं पुस्तक टेबलावरच राहिलं.

मग हिचा फोन नाही, यांचा नाही. नाकं दोघांची सारखीच.
सहा महिन्यांनी हे गेले. तेराव्याला आली, खाली मान घालून जेवली, गेली. ती गेलीच.

त्या सहा महिन्यांत हे रोज दुपारी पडवीत शब्दकोडं घेऊन बसायचे. मी चहा नेला की वर पेपर ओढायचे.
या वयात काय लपवतात, म्हणून मी विचारलं नाही.

काल ट्रंक उघडली.
कोबोलचे उरलेले कोरे कागद त्यात असायचे. एकदा मी त्यांवर सुके बांगडे ठेवले, तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.
ते कागद भरलेले निघाले. खाली सायलीचं पुस्तक.
मुलगा बघून म्हणाला, "आई, ही सायलीची भाषा. ओळीआधी किती घरं मोकळी सोडली, त्यावर चालते. बाबा शिकत होते."
शिसपेन्सिलीने, एकेक घर मोजून.

शेवटच्या कागदावर लिहिलंय,
"इथे डावीकडे किती घरं सोडायची? सायलीला विचारणे."

विचारलं नाही.

सगळं आधी ठरवून मगच कागद पुढे करायचा, हे त्या जुन्या भाषेने यांना चांगलं शिकवलं. अडलं की नातीला फोन करावा, एवढं मात्र नाही शिकवलं.

अहो, कागद जपून ठेवलेत. बांगडे नाही ठेवत त्यांवर. निवांत असा.

बाकीच्यांनी हात आपापल्या घरी जोडावेत. उत्तर मुलाला येतं, त्याला गप्प बसवलाय.
किती घरं सोडायची ते सायलीने सांगायचं.
इथे येऊन. त्याच कागदावर, पेन्सिलीने.