गाडीचं दार लागेपर्यंत

अख्ख्या कुवेतमध्ये स्वतःच्याच मताविरुद्ध इतक्या मनापासून भांडणारा माणूस एकच असेल, आणि तो दर शुक्रवारी सालमियाच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला येतो. हे बाबांचे मित्र. आम्ही त्यांना काका म्हणतो. एका कंपनीत ते ऑडिट करतात, पण त्यांचा खरा धंदा समोरच्याची बाजू घेण्याचा आहे. एकदा काकूने त्यांना सडक्या काकड्या परत करायला खालच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात पाठवलं. त्यांनी दुकानदाराला झापायला सुरुवात केली, तो बिचारा उन्हाबद्दल, ट्रकबद्दल काहीतरी सांगू लागला, आणि काकांना त्याचं इतकं पटलं की ते त्याच काकड्या आणि वर एक कोबी घेऊन घरी आले. टॅक्सीत बसले की आधी ड्रायव्हरला हळू चालवायला सांगतात. ड्रायव्हरने ऐकलं, की लगेच, "वैसे भाईसाब, टाइम की भी कीमत होती है." मग मागच्या सीटवर मी डोळे मिटून बसते.

शुक्रवारच्या वादाचा नियम त्यांनीच काढला. पूर्वी आमची जेवणं राजकारणावरून नासायची. एकदा निवडणुकीच्या दिवसांत दोन कुटुंबं पानावरून उठून गेली, तीही बासुंदी यायच्या आत. पुढच्या शुक्रवारी काकांनी जाहीर केलं की आजपासून ज्याला जे पटतं त्याने नेमकं त्याच्या उलट बोलायचं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी रागावलं नाही, कारण स्वतःला न पटणाऱ्या गोष्टीसाठी आवाज चढवणं फार कठीण असतं. अपवाद अर्थात काका. मी चारचौघांत बोलत नाही, म्हणून माझ्याकडे स्टीलचं ताट आणि पळी देण्यात आली. वेळ संपली की वाजवायचं. काका मला टाइमकीपरबाई म्हणतात आणि माझं वाजवणं साफ दुर्लक्षित करतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी विषय काढला: नागरिकांना अंगावर लपवून बंदूक बाळगू द्यावी का? त्यांची मुलगी, आमची ताई, टेक्सासला एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. तिकडे लोक बाळगतात, एवढं तिच्याकडून त्यांनी ऐकलं होतं.

"पण आपण कुठे इथले नागरिक?" बाबा म्हणाले. "आपण खिशात सिव्हिल आयडी बाळगतो तेवढं पुरे."

"म्हणूनच आपण निःपक्षपाती!" काका गरजले.

ज्यांनी काकांना दिवाळीत पाहिलंय, त्यांना त्यांचं खरं मत विचारावं लागत नाही. ते फुलबाजीसुद्धा हात लांब करून, मान फिरवून धरतात. तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी बंदुकीच्या बाजूने बोलायचं होतं, आणि ते असे बोलले की काय सांगू. शर्टाखाली कमरेला त्यांनी आमचा टीव्हीचा रिमोट खोचला होता. "चोराला माहीत नसतं कोणाच्या कमरेला काय आहे! त्याचं ते न कळणं, हाच आपला पहारेकरी!" असं म्हणून त्यांनी रिमोट उपसला, कुठलंतरी बटण दाबलं गेलं, आणि मागे टीव्हीवर एक बाई वांगी भाजू लागल्या. आईने हसत हसत सगळं मोबाइलवर घेतलं आणि ताईला पाठवून दिलं.

ताई तिकडे गेली त्यानंतर आमच्याकडे हा उलट बोलायचा नियम आला, म्हणजे तिला तो ठाऊकच नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी काका जेवले नाहीत. काकूनेच हळूच सांगितलं. ताईचा निरोप आला होता: बाबा, इतके दिवस तुम्हाला सांगायला घाबरत होते. तुम्ही किती छान समजावलंत. मी पिस्तूल घेतलं. पर्समध्ये असतं.

"अगं, पण मी उलट्या बाजूने बोलत होतो," काका म्हणाले. ते आमच्यापैकी कोणालाच म्हणत नव्हते.

मग त्यांनी नियम मोडायची परवानगी मागितली. लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. तिकडे पहाट होती. ताई केस बांधत, डोळे चोळत समोर आली, आणि काका आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर स्वतःच्या बाजूने बोलले. फार वाईट बोलले. "म्हणजे बघ... पर्समध्ये किल्ल्या शोधताना... लहानपणी तू साधी कात्रीसुद्धा..." एकही वाक्य पुरं होईना.

"बाबा, त्या दिवशीचं भाषण जास्त चांगलं होतं," ताई म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले, पण उशिरा. मग ती म्हणाली, "रात्री दुकान बंद करून गाडीपर्यंत मी एकटी चालत जाते. पार्किंग केवढं आहे, माणूस दिसत नाही. तेव्हा मी काय करू ते सांगा."

सगळ्यांची बाजू घेऊ शकणारे काका पानातलं मीठ बोटाने सारखं करत बसले. वेळ केव्हाच संपली होती. मी पळी ताटापासून लांब धरून बसले होते, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तिच्याकडे तेव्हा रात्र असते, पण आपल्याकडे सकाळ असते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

काका फोनजवळ सरकले. "कुलूप लावलंस की फोन करायचा. गाडीचं दार लागेपर्यंत मी तुझ्याशी भांडेन."

"रोज? कशावरून?"

"ते तू कशाला बघतेस? तू काहीही म्हण, मी उलट बोलतो."

पिस्तूल अजून पर्समध्ये आहे. काकूने विचारलं होतं. काका विचारत नाहीत. मात्र सकाळी ऑफिसच्या बसमधून मला ते समुद्राकडच्या रस्त्यावर दिसतात. कानाला फोन, दुसरा हात हवेत, शर्ट घामाने चिकटलेला. हल्ली ते वाद जिंकत नाहीत, लांबवतात. पोह्यांत बटाटा असावा की नाही, यावर म्हणे आठवडा गेला. सिग्नलला बस थांबली की मी बघत राहते. बोलता बोलता ते एकदम गप्प होतात, हात तसाच वर राहतो. म्हणजे तिकडे दार लागलं. मग ते फोन खिशात ठेवतात आणि थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. तेवढा वेळ त्यांना कोणाशीही वाद घालायचा नसतो.