सत्यनारायणाच्या पूजेत ब्लूज

माझा पहिला सोलो अल्बम घरच्यांनी ऐकू नये म्हणून मी जेवढे कष्ट घेतले, तेवढे तो करताना घेतले नव्हते.

कारण सरळ होतं. मी ब्लूज गिटारिस्ट. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, आणि दुःख आणायचं कुठून? भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये वडिलांच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आईच्या हातचं गरम जेवून मी बेचाळिशी गाठलेली! तेव्हा सगळं दुःख मी मनानेच रचलं. बापाने पट्ट्याने मारून घराबाहेर काढलं, बायको दुसऱ्याबरोबर पळाली, डब्यात पीठ नाही. अल्बमचं नाव 'बेघर'. (मागून सारख्या ऐकू येणाऱ्या आगगाडीच्या शिट्ट्यांचं जाणकारांनी कौतुक केलं. त्या खऱ्या होत्या. खिडकी नीट लागत नाही.)

माझे वडील, नाना, सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. ते फक्त चष्म्याच्या वरून बघतात. तेवढ्याने मी आजही उठून उभा राहतो. त्यांनी ही गाणी ऐकली तर? वरची खोली तर जाईलच, पण ते बघतील ना!

गाणी इंटरनेटवर आणि नानांचा फोन बटणांचा, म्हणून मी जरा निर्धास्त होतो. पण आईने अल्बमसाठी सत्यनारायण घातला! शेजारच्या तिवारीजींना आणि भोपाळच्या मराठी मंडळातल्या सगळ्या घरांना आमंत्रणं गेली. पूजेला मी आणि माझी बायको मृणाल. मी सोवळं नेसून पाटावर, आणि शेजारी ती माझ्या हाताला हात लावून.

कथा संपली, पण प्रसादाचा शिरा अजून गॅसवरच होता. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तोवर याची गाणी लावा की!"

"अरे, मैं लगाता हूँ!" तिवारीजींनी माझा फोन उचलला. ते लग्नात लावायचा मोठा स्पीकर घेऊनच आले होते.

मला घाम फुटला. तरी डोकं चाललं. "तीसरा लगाइए, सिर्फ तीसरा!" तिसऱ्यात नुसती गिटार होती, शब्द नव्हते. गिटार वाजली, लोकांनी माना डोलावल्या, नानांनीसुद्धा खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. मी देवाला मनापासून हात जोडले.

तिसरं संपलं आणि चौथं आपोआप सुरू झालं!

'बाप ने मारा बेल्ट से, निकाला आधी रात...'

मी उठायला गेलो. गुरुजी गरजले, "यजमान! आरतीआधी पाटावरून उठायचं नाही!"

"गुरुजी, फक्त तो फोन..."

"सोवळ्यात फोन?"

माझाच आवाज माझ्याच घरात माझ्याच बापाची तक्रार करत होता आणि मी हळदीकुंकू घेऊन बसलो होतो. नानांची बोटं थांबली. तिवारीजी त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाईसाहब, आप तो ऐसे नहीं लगते थे."

"तिवारीजी, बंद कीजिए!" मी किंचाळलो.

"शरमाओ मत बेटा, दर्द है आवाज में!" त्यांनी आवाज वाढवला. पाचवं गाणं लागलं. 'हबीबगंज से गाड़ी पकड़ी, चल दी किसी के साथ...'

कुलकर्णीकाकूंनी मृणालच्या पाठीवरून हात फिरवला. "कधी गेली होतीस गं? आणि परत कधी आलीस? कळवलंही नाहीस!"

मृणालचा हात अजून माझ्या हातावरच होता. आता तिची नखंही होती. "त्या दुसऱ्याचं नावही सांगून टाक," ती दातओठ खात पुटपुटली, "म्हणजे मला शोधायला बरं."

तेवढ्यात सहावं! 'डब्बे में आटा नहीं, माँ...' आणि आई एका हातात कालथा, दुसऱ्या हातात पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. तिने झाकण उघडून प्रत्येक पाहुण्याला आत डोकावायला लावलं. "बघा! परवाच करोंदच्या मंडीतून शरबती गहू आणून दळलाय! मेल्या, माझ्या घरात पीठ नाही?"

"यजमान," गुरुजींनी सुचवलं, "हे सगळं खरं असेल तर वेगळी शांती करावी लागेल."

नाना उठले. तिवारीजींनी न सांगता स्पीकर बंद केला. नाना माझ्या पाटासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. मला खरंच रडू येत होतं. इतका मोठा झालो, आणि बापाने आपल्याला चांगलं म्हणावं याखेरीज मला त्या घडीला काही नको होतं.

"नाना, ते... ते नुसतं गाणं आहे हो. सगळं खोटं आहे."

"पट्ट्याचं खोटं आहे," नाना शांतपणे म्हणाले. "पण तुला घराबाहेर काढायचं माझ्या मनात आहे, हे मी तुझ्या आईशिवाय कुणाजवळ बोललो नव्हतो. तुला कुणी सांगितलं?"

मी आईकडे बघितलं. आई डब्यात बघत होती.

नानांनी मला काढलं नाही. पण त्या पूजेने मला एका गोष्टीत श्रीमंत केलं. आता माझ्याकडे दुसऱ्या अल्बमपुरतं अस्सल, स्वतःचं दुःख आहे. फक्त नाना खाली असताना वरच्या खोलीत गिटारची तार छेडायची माझी हिंमत होत नाही, आणि नाना कुठेही जात नाहीत.