पाणी सोडू का, साहेबराव?

हेडमास्तर बाथरूममध्ये होते, डोक्याला साबण होता, आणि मी त्यांच्यासकट गाडी हलवली.

"दांडगे! अहो दांडगे! काय चाललंय?" आतून आवाज आला. बादली आपटल्याचाही आला.

उत्तर द्यायला वेळच नव्हता. समोरच्या गाडवाटेनं साठ-सत्तर मेंढरं पळत येत होती. सकाळपासूनची तहानलेली. आणि ज्या हौदाकडं ती निघाली होती, त्या हौदात मी दहा मिनिटांपूर्वी शंभर लिटर साबणाचं पाणी सोडलं होतं. माझ्या हातानं. परवानगी घेऊन.

आता हे कसं घडलं, ते पहिल्यापासून सांगतो. चूक माझी आहे, त्यामुळं मीच सांगितलेलं बरं.

मी एसटीचा ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि रिटायर झालो. घर पुंडलिकनगरला. घरी बसलो तर चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "ओट्यापाशी कामून उभे राहता? सरका तिकडं, वाट अडवू नका." सांगायची गोष्ट अशी, की बायको सोडली तर एकोणतीस वर्षांत मला हे वाक्य कुणी ऐकवलेलं नाही. गाडी लावली, की मी खाली उतरून दोनदा फिरून बघतो. मागची शेपटी कुणाच्या वाटेत येते का, दार कुणाच्या अंगावर उघडतं का. सवयच आहे. डेपोत पोरं चिडवायची, "दांडगे मामा गाडीला प्रदक्षिणा घालतात."

मग एका टूरवाल्या ऑफिसात लागलो. त्यांच्याकडं एक मोटरहोम आहे. मोटरहोम म्हणजे चाकावरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, बाथरूम, सगळं. सात मीटर लांब. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद असं पाव्हण्यांना फिरवायचं आणि मुक्काम एखाद्या शेतात करायचा. ऑफिस सीमा मॅडम सांभाळतात. वय तिशीचं, बोलणं पोलिसाचं.

त्या दिवशी गाडीत नाशिकचे रिटायर्ड हेडमास्तर आणि त्यांच्या मिसेस होत्या. दुपारी लेण्यांच्या पार्किंगला पोहोचलो. तिथला माणूस शिट्टी वाजवत आला.

"चाचा, ये घर इधर लगाये तो गाड्यांवाले किधर जाना?"

बरोबर होतं त्याचं. मोटरहोम कुठंही लावली तरी दोन गाड्यांची जागा खाते. मी त्याला विचारून पार शेवटच्या रांगेत नेली आणि शेपटी मागच्या गवतावर काढली. मागचं चाक आणि बंपर यांच्यामध्ये जे धूड लोंबतं, ते रस्त्यावर ठेवायचं नाही, गवतावर न्यायचं. म्हणजे पुढचं तोंड रांगेत बसतं. माणूस खूष झाला. चहा पाजतो म्हणाला.

तेवढ्यात हेडमास्तर खुर्च्या काढून बाहेर मांडायला लागले. छत्रीसारखं जे कापड गाडीच्या अंगातून बाहेर येतं, ऑनिंग म्हणतात त्याला, तेही उघडा म्हणाले.

"सर, हे पार्किंग आहे. कॅम्पसाइट नाही. चाकं टेकली म्हणून लगेच संसार मांडायचा नसतो."

"अहो, पण जागा आहे की!"

"जागा दुसऱ्याची आहे, सर. आपण नुसते उभे आहोत."

हेडमास्तरांना हे लई पटलं. खुर्च्या घडी करून आत ठेवता ठेवता मिसेसना म्हणाले, "बघ, याला म्हणतात संस्कार." माझी छाती फुगली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, ते संध्याकाळी कळलं.

मुक्काम देवगाव रंगारीजवळ होता. साहेबराव नावाचे शेतकरी आहेत, त्यांच्या शेताच्या कडेला सपाट जागा आहे. एका बाजूला गाडवाट, दोन्हीकडून बोरी-बाभळीचं कुंपण. शेताच्या वरच्या अंगाला विहीर, विहिरीपासून एक कच्चा पाट. साहेबराव स्वतः लग्नाला गेले होते. मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीची यादी पाठवली होती. गेट ओढून घेणे, जनरेटर लावू नये, आणि तिसऱ्या ओळीत, 'साहेबराव: पाणी सोडायचं आहे.'

आता आमच्या धंद्यात पाण्याचे तीन प्रकार. एक चांगलं पाणी, टाकीतलं. दुसरं संडासाचं, ते फक्त ठरलेल्या ठिकाणीच रिकामं करायचं, त्याबद्दल आम्ही कुणाशी बोलतही नाही. तिसरं आंघोळीचं, भांड्यांचं. त्याला ग्रे वॉटर म्हणतात. ते गाडीखालच्या टाकीत जमतं आणि टाकी भरली, की लाल दिवा लागतो. तरी कुणी पाणी वापरलं, तर ते बाथरूमच्या जाळीतून वर येतं. मिसेसनी दुपारी तेलकट भांडी घासली होती, दोन साड्या धुतल्या होत्या. संध्याकाळी लाल दिवा टुकटुक करायला लागला आणि हेडमास्तर टॉवेल खांद्यावर टाकून उभे.

"दांडगे, आंघोळ करू ना?"

"पाच मिनिटं थांबा, सर."

तो दिवा टुकटुकतो ना, तेव्हा मला बसवत नाही. मी यादी वाचली. वा, म्हटलं, परवानगी आधीच आहे. पण मी विचारल्याशिवाय काही करत नाही. साहेबरावांना फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"साहेबराव, पाणी सोडू का?"

"सोडा ना राव! तेच म्हणणार व्हतो. लाईट जायच्या आत सोडा."

"पाटात सोडू?"

"मग काय डोक्यावर सोडता? पाटातच सोडा."

"चालेल ना?"

"चालेल म्हंजे? त्याच्यासाठीच हाय पाट. जनावरं यायच्या आत उरका बरं का!"

मला वाटलं, अंधार पडायच्या आत म्हणतात. जनावरं म्हणजे त्यांची बैलजोडी असेल, चिखलात घसरायला नको म्हणून सांगतात. मी पाईप जोडला, पाटात टाकला, नळ उघडला. फेसाळ पाणी खळाळत निघालं. पाट कुठं जातो, ते मी बघितलं नाही. गाडीला दोन चकरा मारल्या आणि पाटाच्या टोकापर्यंत चार पावलं गेलो नाही. मग ऑनिंग उघडलं, खुर्च्या मांडल्या, हेडमास्तरांना म्हटलं, करा आंघोळ.

दहा मिनिटांनी साहेबरावांचा फोन.

"डायवर, मोटर चालू व्हती का? लाईट गेली म्हणत्यात गावात. हौद भरला का?"

"कसला हौद?"

"आता गं बया! मेंढरायचा हौद! पाणी सोडा म्हणून मॅडमला सकाळीच सांगितलं ना. खांबावर स्टार्टर हाय, बटन दाबायचं, पाटानं पाणी हौदात जातं. तुम्ही काय सोडलं मग?"

तोंडचं पाणी पळालं म्हणतात, ते माझं पळालं. मी पाटाच्या कडेनं धावत सुटलो. पाट गाडीजवळून वळून, कुंपणाखालून सरळ खालच्या दगडी हौदात जात होता. हौदात कालचं थोडं पाणी होतं आणि त्यावर पांढरा फेस. शांपूचा वास येत होता. आणि वर, गाडवाटेच्या टोकाला धूळ दिसली.

मेंढरांच्या मागं एक बाई होती, पन्नाशीची, हातात काठी. भागाबाई. नवरा सोयगावला लेकीकडं गेलेला, म्हणून कळप एकटीवर. मी खांद्यावरचा टॉवेल हलवत आडवा गेलो.

"मावशी, थांबवा! पाण्यात साबण आहे!"

"आं?"

"साबण! पिऊ देऊ नका!"

"आता कशी थांबवू? वास लागला त्यास्नी पाण्याचा!"

पुढची मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी निघून जायला लागली. टॉवेलला कोण भितं? मग मी वळलो आणि गाडीकडं पळालो. पायरी आत ढकलली. ऑनिंग गुंडाळायला वेळ नव्हता, अर्धंच ओढलं. मिसेस बाहेर खुर्चीत होत्या, त्यांना म्हटलं, "उठा, खुर्ची घ्या, बाजूला व्हा." स्टार्टर मारला, रिव्हर्स टाकला आणि एका झटक्यात गाडी गाडवाटेवर आडवी घातली. तोंड प्लॉटमध्ये, शेपटी समोरच्या बाभळीत. सात मीटरचं घर वाटेवर. ऑनिंगचा दांडा फांदीला लागून वाकला, तो आवाज अजून कानात आहे.

कळप गाडीला येऊन थडकला आणि थांबला. बें बें असा एकच कालवा. चारपाच मेंढरं आधीच पलीकडं गेली होती. ती हौदाच्या अलीकडं भागाबाईच्या कुत्र्यानं वळवली. पण शेपटी आणि बाभळ यांच्यात दीड वीत फट राहिली होती. तिथून एक मेंढी घुसली. आम्ही पोहोचेपर्यंत तिचं तोंड पाण्यात होतं.

भागाबाईनं तिला मागच्या पायाला धरून ओढलं. तोंडाला फेस लागलेला. बाईनं तो पदरानं पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

"ढवळी हाय ही. गाभण हाय. आता हिच्यावर पाणी सोडू का मी? सांगा की."

तेच दोन शब्द आणि तिसराच अर्थ.

हेडमास्तर दारात आले. टॉवेल गुंडाळलेला, कानात साबण. रागावणार, असं वाटलं. मी चार वाक्यांत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गाडीत चांगलं पाणी किती आहे?"

"दीडशे लिटर. पण सर, तुमची आंघोळ..."

"दांडगे, काढा बाहेर."

मिसेसनी परात, पातेली, कपड्यांचा टब, सगळं खाली दिलं. मी पाईप लावला. साठ-सत्तर मेंढरांना दीडशे लिटर म्हणजे ओठ ओले करण्यापुरतं, पण कालवा थांबला. हेडमास्तर साबणानं चरचरणारे डोळे चोळत पातेली पुढं सरकवत होते. "रांगेत या, रांगेत!" मेंढरं काही त्यांच्या शाळेतली नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, साबणानं पोटात फेस धरतो, गोडेतेल पाजा आणि डाव्या कुशीवर लक्ष ठेवा. फुगली, तर लगेच कळवा. सकाळी रवंथ करत असेल, तर काळजी नाही. मिसेसनी शेंगदाण्याच्या तेलाची बाटली दिली. भागाबाईनं ढवळीला मांडीत धरून पाजलं.

साहेबराव लग्नाच्या कपड्यात आले. ट्रॅक्टरवर दोन ड्रम घेऊनच. मला वाटलं, शिव्या देतील. ते फेट्यासकट मटकन बांधावर बसले.

"डायवर, तुम्ही पाणी सोडू का म्हणले. घाण पाणी सोडू का, असं कामून नाय म्हणले?"

"तुम्हीबी हौदाचं नाव काढलं नाही."

"पाटाचं पाणी हौदात नाय तर काय तहसीलमध्ये जाणार व्हय?"

मी ड्रम उतरवायला लागलो.

मग मॅडमचा फोन. "ऑनिंगचा दांडा कसा वाकला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही? वाट अडवली? तुम्ही?"

"व्हय, मॅडम. मीच."

कळप वरच्या रानात बसवला. हौद उपसायचा होता, पण मोटरला लाईट सकाळीच येणार, म्हणून गाडी होती तिथंच आडवी राहू दिली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा वाट अडवून झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो. दर थोड्या वेळानं उठून बघायचो. भागाबाई ढवळीच्या डाव्या कुशीवर हात ठेवून बसलेली असायची. एकदा विचारलं, "कशी आहे, मावशी?" ती वर न बघता कूस चोळत राहिली. एरवी मला राग आला असता. तेव्हा आला नाही.

उजाडायला लाईट आली. साहेबराव आणि मी हौदात उतरलो, उपसला, घासला, दोनदा धुतला. मी तिसऱ्यांदा धुवायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "आता काय पूजा घालता का त्याची?" मोटर चालू केली. पाटानं स्वच्छ पाणी आलं. या वेळी मी पाटाच्या कडेनं विहिरीपासून हौदापर्यंत चालत गेलो. ओंजळीत घेऊन वास घेतला, मग पिऊनही बघितलं.

वर आलो तर भागाबाई उभी होती. शेजारी ढवळी. तिचा जबडा हळूहळू हलत होता, डावीकडून उजवीकडं. रवंथ. मला असं भरून आलं, की मी उगाच टायर तपासायला लागलो.

आता मी कुणालाही 'पाणी सोडू का' असं विचारत नाही. 'साबणाचं घाण पाणी कुठं ओतू, आणि ते तिथून पुढं कुठं जातं' असं विचारतो. लांबलचक आहे, लोक हसतात. मॅडमनी ते वाक्य आता यादीत पहिलंच टाकलंय. गाडी नीट लावणं म्हणजे चाकं कुठं आहेत, एवढंच मी बघत होतो. गाडीतून काय वाहतं, तेही गाडीच असतं.

त्या सकाळी मात्र मी टायरपाशीच वाकलेलो होतो. मागून काठीचं टोक टोचलं, हलकंच.

"ओ डायवर," भागाबाई म्हणाली, "गाडी काढा की आता. वाट अडवलीय तुम्ही."

"काढतो, मावशी," म्हटलं, आणि लगेच काढली.