पूजेला बसलेलं यंत्र

बँकेनं आईला दिलेलं ते काडेपेटीएवढं यंत्र मला कधीच आवडलं नाही. बटण दाबलं की त्यावर सहा आकडे उमटतात आणि ते भरल्याशिवाय ऑनलाइन पैसे हलत नाहीत. पण आईला चष्मा सापडेपर्यंत आकडे गुल! विजेचं बिल भरायचं म्हटलं तरी अर्धा तास जातो.

काल खंडेनवमी. विळी, कात्री, शिलाई मशीन यांच्या शेजारी आईनं तेही पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. मी हसत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो नेहमीच स्पीकरवर असतो. "बँकेतून बोलतोय, मशीनवरचे आकडे सांगा." मी फोन हिसकावायला धावणार, तोच आई शांतपणे म्हणाली, "आज नाही हो जमणार. ते पूजेला बसलंय. आज आम्ही हत्याराला हात लावत नाही."

फोन कट झाला. मी कुंकवानं माखलेल्या त्या पहारेकऱ्याकडे बघतच राहिले. आईला त्यानं राखलं, की त्याला चिमूटभर कुंकवानं?

"बिचाऱ्याचं काम अडलं असेल गं," आई हळहळली. "उद्या सकाळी आपणच करू या का त्याला फोन?"