पाटावर ठेवलेली डिस्क

जामसंड्याजवळच्या एका कारखान्यात आंब्याचा रस पिंपांत भरतात. तिथे मी एकतीस वर्षं बॉयलरवर होतो. सत्यवान घाडी तिथला कॉम्प्युटर सांभाळायचा. बाहेरचा माणूस, वर्षाच्या करारावर. त्याचं काम मी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

महिन्यातून दोनदा मोटरसायकलवरून यायचा. काही बिघडलेलं नसलं तरी यायचा. पेटी उघडून ब्रशने धूळ काढायचा, खोडरबराने आतल्या पट्ट्या घासायचा. खाऱ्या हवेत आमचे व्हॉल्व्ह टिकत नव्हते, तिथे ते नाजूक सामान. पंखा कुरकुरू लागण्याआधी बदलायचा. मला ते पटायचं. बॉयलरही फुटायची वाट बघून सांभाळत नाहीत.

मॅनेजर काशिनाथला पटत नसे.

"काय बिघडला नाय, मग इलंस कित्याक?"

"बिघडाक नको म्हणान इलंय."

"बरो धंदो आसा तुझो. काय करूचा नाय आणि पैसे घेवचे."

कॉम्प्युटर अडला की ऑफिसातली शर्मिला घाबरून सत्यवानला फोन करायची. तो म्हणायचा, "बंद करू नको गो. आधी काय लिवलेला आसा ता वाच." ती वाचायची. बहुतेक वेळा फोनवरच काम व्हायचं, आणि पुढच्या वेळी तिला फोन करावा लागत नसे.

त्या कॉम्प्युटरात प्रत्येक पिंपाची नोंद होती. आंबा कुठल्या बागेतला, रस कधी आणि किती तापवला. ती दाखवल्याशिवाय परदेशातलं गिऱ्हाईक माल उचलत नाही. कच्चे कागद नोंद झाली की बॉयलरात जायचे. मीच जाळायचो. इंटरनेटवर प्रत ठेवायला मालक तयार नव्हते. म्हणून सत्यवान दर फेरीला सगळं एका डिस्कवर उतरवून ती घरी न्यायचा. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात, तेव्हाही ती घरीच ठेवायचा. काशिनाथला ते खुपायचं.

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतर जायची सहाशे पिंपं गोदामात होती. काशिनाथ सत्यवानला म्हणाला, "एक हत्यार हंय, दुसरा तुझ्या घराक. अशी पूजा होता काय रे? आण ती डिस्क. करार दसऱ्यानंतर बघूया."

सत्यवान म्हणाला, "आणतंय. पण पाणी मारू नको. आणि मी येयपर्यंत चालू करू नको."

खंडेनवमीला जुना कामगार म्हणून नारळ फोडायला मला बोलावलं होतं. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडे, वजनकाटा आणि कॉम्प्युटर मांडला होता. डिस्क त्याला जोडूनच ठेवली होती, हत्यार अर्धवट नको म्हणून. सत्यवान ती आदल्या दिवशी देऊन दुसऱ्या गावी कामावर गेला होता. नारळाचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडायची रीत आहे. मी शिंपडलं. पेटीवर, डिस्कवर, सगळ्यावर. पाण्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण एकतीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला ते सांगावं लागू नये.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यवान दहाला येणार होता. गिऱ्हाइकाला पत्र पाठवायचं म्हणून काशिनाथने नऊलाच बटण दाबलं. जळका वास आला. कॉम्प्युटर गेला, त्याच्याबरोबर डिस्कही गेली. सत्यवानने दोन्हीतलं सामान स्वतः पुण्याला, बिघडलेल्या डिस्कमधल्या नोंदी काढून देणाऱ्यांकडे नेलं. तिथल्या लोकांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि काही निघत नाही म्हणून परत दिलं.

मालकांनी पूजेला असलेल्या सगळ्यांना बोलावून विचारलं, डिस्क इथे कशी?

"मीच आणलंय," सत्यवान म्हणाला.

काशिनाथ खाली बघत उभा होता. पाणी कोणी मारलं ते मीही सांगितलं नाही.

पिंपं कोणी उचलली नाहीत. मार्चमध्ये बॉयलर पेटला नाही. साठ माणसं घरी बसली, त्यांत बायका जास्त. बातमी पसरली तशी इतर ऑफिसांनीही सत्यवानला बोलावणं बंद केलं. तो आता बांद्याला हायवेवर पेट्रोल पंपावर असतो. मागच्या महिन्यात तिथे भेटला. मी पाण्याचं बोलायला लागलो, त्याने हात वर करून थांबवलं.

"काका, नाय म्हटला असता तर करार गेलो असतो. माझो एकट्याचो."

मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सत्यवान त्याच्याकडे गेला.